रँग्लर परांजपे आणि आपला पर्सेंटाइल

मित्रहो, सुरुवात माझ्या गावापासून करतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात ढाणकी नावाचं गाव आहे. पैनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की मराठवाडा लागतो, म्हणून आमचा जिल्हा यवतमाळ असला तरी बाजारहाट, दवाखाना आणि क्लासेस यासाठी अर्धं गाव नांदेडकडे धावतं. बारावी झाल्यावर सीईटीसाठी मीही असाच पहाटेची एसटी पकडून परगावच्या एका परीक्षा केंद्रावर गेलो होतो.

गेटवर अंगठा घेत होते. माझ्या पुढे आमच्याच भागातला एक मुलगा होता. सुट्टीभर शेतात काम केलेला. त्याचा अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना. पुसून झाला, फुंकर मारून झाली, दुसऱ्या हाताचा झाला. रांग मागे वाढत होती आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी आधार कार्ड बघून, रजिस्टरवर सही घेऊन त्याला आत सोडलं. आत गेल्यावर माझा कॉम्प्युटर मध्येच काळा पडला. सात-आठ मिनिटांनी पुन्हा लॉगिन करून दिलं. वेळ भरून मिळाला, उत्तरंही जागेवर होती. पण मनात जी धाकधूक बसली ती निकालापर्यंत गेली नाही.

निकाल लागला. दशांश चिन्हापुढे सात आकडे! आजोबांनी विचारलं, कितीपैकी किती मिळाले? आता आली का पंचाईत! मी पर्सेंटाइल समजावून सांगायला लागलो आणि दोन मिनिटांत माझ्याच लक्षात आलं की आपल्यालाही तो नीट कळलेला नाही. आजोबा जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त गुरुजी. ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले की ज्या परीक्षेचा हिशेब पोराला सांगता येत नाही, त्या परीक्षेवर पोराने विश्वास कसा ठेवायचा? आणि मग त्यांनी रँग्लर परांजप्यांचं नाव काढलं.

हे नाव मी ऐकलं होतं, पण रँग्लर म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं. होस्टेलवर पाच-सात जणांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. एकाने तर जीन्सचा ब्रँड सांगितला! म्हणून म्हटलं, या अंकात त्यांच्यावरच लिहू. कारण परीक्षेवरचा विश्वास ही गोष्ट समजून घ्यायची असेल तर या माणसाच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

पण परांजप्यांची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते त्यांच्या नात्यातल्या एका थोरल्या भावापासून. त्या भावाचं नाव धोंडो केशव कर्वे. होय, तेच आपले महर्षी कर्वे. कोकणातल्या दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७५ सालची गोष्ट. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची तर त्यांना केंद्र होतं साताऱ्याचं. वाहन परवडण्यासारखं नव्हतं. बरोबरच्या मुलांसह हा मुलगा शंभराहून अधिक मैल डोंगरघाट तुडवत पायी साताऱ्याला पोचला. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण असण्याची अट होती. कर्व्यांची सतरा पूर्ण झाली होती, तसा दाखलाही होता. पण अंगकाठी लहान. परीक्षा समितीच्या प्रमुखाला काही हा मुलगा सतराचा वाटेना. त्याने दाखल्यापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि मुलाला परत पाठवलं. एवढी पायपीट करून पेपरला हातसुद्धा न लावता कर्वे घरी आले. पुढे पुन्हा बसून ते पास झाले हे खरं, पण साताऱ्याचा तो दिवस ते आयुष्यभर विसरले नाहीत.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला गेटवरचा तो अंगठा आठवला. मधे दीडशे वर्षं गेली. तेव्हा माणूस म्हणाला, तू तो नाहीस. आता मशीन म्हणालं, तू तो नाहीस. फरक एवढाच की आमच्या मित्राला आधार कार्ड बघून आत घेणारा कुणीतरी तिथे होता.

आता परांजप्यांकडे येऊ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा, दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यातला. आंजर्ल्याच्या जवळ आहे हे गाव. समुद्र, नारळी-पोफळी, आणि जेमतेम परिस्थिती. मुलगा गणितात तल्लख. खेड्यात असे मुलगे निघतात आणि खेड्यातच विरून जातात, हे आपण आजही बघतो. रघुनाथ विरला नाही याचं कारण मुंबईला राहणारे कर्वे. तोपर्यंत कर्वे शिकून पदवीधर झाले होते, मुंबईत शिकवत होते आणि गावाकडच्या हुशार मुलांना घरी ठेवून घेत होते. रघुनाथ त्यांच्याकडे राहून शिकला. परीक्षेच्या दारातून ज्याला परत पाठवलं होतं, त्यानेच दुसऱ्या एका मुलाला परीक्षेपर्यंत हाताला धरून नेलं!

१८९१ मध्ये कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक तिथून बाहेर पडल्यावर गणिताची जागा रिकामी होती आणि गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतलं होतं. रघुनाथही पुढे फर्ग्युसनमध्येच दाखल झाला. तिथल्या परीक्षांत तो चमकत गेला आणि १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला, सेंट जॉन्स कॉलेजात पोचला. मुर्डी ते केंब्रिज! वय वीस.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. त्यात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणायचं आणि त्यांच्यात जो पहिला तो सीनियर रँग्लर. रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा, हुज्जत घालणारा. कारण फार पूर्वी तिथली परीक्षा तोंडी असे. विद्यार्थ्याने उभं राहून लॅटिनमध्ये वाद घालायचा आणि आपलं म्हणणं सिद्ध करायचं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तोंडी वाद मागे पडला आणि कागदावरची परीक्षा आली. वाद गेला, नाव राहिलं. म्हणजे बघा, परीक्षेची पद्धत बदलणं हे काही कॉम्प्युटर आल्यावर सुरू झालेलं नाही. आज आपल्याला जी पेन-कागदाची परीक्षा जुनी आणि भरवशाची वाटते, ती एके काळी नवीच होती.

ट्रायपॉसची परीक्षा म्हणजे घाम फोडणारी. लागोपाठ दिवस पेपर, गणितं लांबलचक, वेळ कमी. मुलं वर्षानुवर्षं खासगी शिक्षकांकडे तयारी करायची. (आपल्याकडचे क्लासेस म्हणजे काही नवा शोध नाही!) निकालाच्या दिवशी विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये ही गर्दी. वरच्या सज्जातून परीक्षक क्रमाने नावं मोठ्याने वाचायचा. पहिलं नाव ऐकताच खाली जल्लोष. पास झालेल्यांत जो शेवटचा, त्याच्यासाठी मित्रमंडळी भलामोठा लाकडी चमचा घेऊन यायची. सगळा मामला उघड्यावर. छापील प्रश्नपत्रिका नंतर कुणालाही बघता येत. परीक्षक कोण हे माहीत. क्रम सगळ्यांच्या कानावर.

आता त्या वर्षांतलं वातावरण डोळ्यापुढे आणा. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा कहर होता. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. दामोदर चापेकर १८९८ मध्ये फासावर गेले. पुणे म्हटलं की इंग्रज अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि फर्ग्युसनचा विद्यार्थी म्हणजे थेट पुण्याचाच! अशा काळात एक कोकणी-पुणेरी तरुण इंग्रजांच्या गावात, इंग्रजांनी काढलेल्या पेपरांना, इंग्रज परीक्षकांपुढे बसला होता. तपासणाऱ्याच्या मनात काय असेल, या शंकेने त्याला झोप आली नसती तरी कुणी दोष दिला नसता.

१८९९ च्या जूनमध्ये निकाल वाचला गेला. पहिल्या जागेवर दोन नावं एकत्र होती. एक जॉर्ज बर्टविसल, दुसरा रघुनाथ परांजपे. दोघे मिळून सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारा हा पहिला भारतीय. ज्या देशावर ते राज्य करत होते त्या देशातला मुलगा आमच्या मुलाच्या बरोबरीने पहिला आला, हे केंब्रिजने आपल्याच सज्जातून जाहीर केलं. इकडे महाराष्ट्रात आनंदाला पारावार राहिला नाही. मुर्डीचा रघुनाथ त्या दिवसापासून जन्मभरासाठी रँग्लर परांजपे झाला. पदवी नावाच्या मागे लागते, ही नावाच्या पुढे लागली.

मला या निकालात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे ते दोघांना दिलेलं एकच स्थान. परीक्षकांना दोघांत पहिला कोण हे ठरवता आलं नाही, तर त्यांनी तसं सांगून टाकलं. ओढूनताणून एकाला वर, एकाला खाली केलं नाही. आपल्याकडे काय होतं? पर्सेंटाइल सात दशांशांपर्यंत जातो, तरी बरोबरी झालीच तर कुठल्या विषयात जास्त, मग आणखी कशात जास्त, असं करत करत क्रम लावला जातो. जागा मोजक्या आहेत, त्यामुळे ते करावं लागतं हे मान्य. पण सातव्या दशांशावरचा फरक म्हणजे हुशारीतला फरक नव्हे, हे इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी ओळखायला हवं. पहिल्याच वर्षी प्रॅक्टिकलला आपल्याला शिकवतात ना, की फूटपट्टीला मिलिमीटरच्या खुणा असतील तर उत्तर मायक्रॉनमध्ये लिहायचं नाही!

असो. परांजप्यांना १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळाली. पॅरिस आणि गॉटिंगेन या गणिताच्या माहेरघरी जाऊन त्यांनी अभ्यासही केला. तिथेच राहिले असते, किंवा सरकारी बड्या नोकरीत शिरले असते, तर कुणी अडवणार नव्हतं. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं, असा शब्द त्यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला. १९०२ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. गंमत म्हणजे त्यांचे पालक आणि गुरू असलेले कर्वे त्याच कॉलेजात गणित शिकवत होते. ज्याला बोटाला धरून आणलं तोच आता प्राचार्य, आणि कर्वे त्यांच्या हाताखाली. १९१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत कर्व्यांनी तिथेच शिकवलं. दोघांच्याही मोठेपणाची यावरून कल्पना यावी.

दोन दशकांहून अधिक काळ रँग्लर आणि फर्ग्युसन ही नावं एकत्रच घेतली गेली. या माणसाला साऱ्या जगाने एका परीक्षेमुळे ओळखलं, आणि त्याने मात्र उरलेलं आयुष्य इतरांना शिकवण्यात आणि शाळा-कॉलेजं चालवण्यात घातलं. संशोधक गणिती म्हणून त्यांचं नाव मोठं झालं नाही. काहींनी याबद्दल हळहळही व्यक्त केली. पण सीनियर रँग्लर म्हणजे मोठा गणिती असं समीकरण मुळातच नव्हतं. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं देणारा मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरा आला होता. ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो तो केल्विनही १८४५ मध्ये दुसराच. हार्डी हा विसाव्या शतकातला थोर गणिती १८९८ मध्ये चौथा होता. आणि आपले रामानुजन? ते तर इकडे मद्रासकडच्या कॉलेज परीक्षेतच नापास झाले होते. त्यांचं पत्र हार्डीने १९१३ मध्ये वाचलं आणि त्याची किंमत ओळखली. परीक्षेने ती ओळखली नव्हती.

याच हार्डीने पुढे ट्रायपॉसवर जोरदार टीका केली. पाठ करून, वेगाने सोडवून नंबर मिळतो, पण खरं गणित त्यात दिसत नाही असं त्याचं आणि इतरांचं म्हणणं होतं. शेवटी केंब्रिजने ऐकलं. १९०९ मध्ये शेवटचा क्रमवार निकाल वाचला गेला आणि त्यानंतर नंबर लावणं बंद झालं. रँग्लर राहिले, पहिला-दुसरा जाहीर करणं गेलं. बघा, परीक्षेत पक्षपात होतो असं कुणी म्हटलं नव्हतं. ती मोजते काय, हा प्रश्न होता. परीक्षेवरचा विश्वास हा असा दोन पायांवर उभा असतो. एक पाय म्हणजे ती सर्वांना सारखी वागवते का. दुसरा म्हणजे जे मोजायचं तेच मोजते का. ट्रायपॉसचा पहिला पाय भक्कम होता म्हणून परांजपे पहिले आले. दुसरा पाय लंगडा होता म्हणून पहिला नंबरच रद्द झाला.

पहिला पायही तसा सर्वांसाठी भक्कम नव्हता म्हणा. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या मुलीने ट्रायपॉसमध्ये सीनियर रँग्लरच्याही वर गुण मिळवले. तसं सेनेट हाउसमध्ये वाचूनही दाखवलं गेलं. पण पदवी? नाही. कारण ती मुलगी! स्त्रियांना केंब्रिजची पूर्ण पदवी १९४८ पासून मिळायला लागली. पेपर तपासताना न्याय आणि दारात अन्याय. पुन्हा साताऱ्याचाच प्रकार. परांजप्यांची स्वतःची मुलगी शकुंतला केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गणितच शिकली, पण तीही याच काळात. इकडे कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा त्याच्या कुलगुरुपदाची धुरा सुरुवातीच्या वर्षांत परांजप्यांनीच सांभाळली. ज्यांना परीक्षेच्या दारातच अडवलं जातं त्यांच्यासाठी नवं दार बांधायचं, हे काम या दोन भावांनी मिळून केलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. १९२१ मध्ये ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. नंतर काही वर्षं लंडनला इंडिया कौन्सिलवर होते. १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४२ मध्ये सर ही पदवी. १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर. आणि १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू! तीन वर्षं ते पद सांभाळलं. त्यानंतर आत्मचरित्र लिहिलं, त्याला क्रिकेटच्या भाषेत ८४ नॉट आउट असं नाव दिलं. ६ मे १९६६ रोजी ते गेले. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या नात.

पुण्याचे कुलगुरू असताना त्यांच्या हाताखालून हजारो विद्यार्थ्यांचे निकाल गेले असतील. सगळे हाताने बेरीज केलेले. त्या वेळी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये नुकताच एक कॉम्प्युटर बाहेरून आणून बसवला होता आणि मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टिफरॅक नावाचा देशी कॉम्प्युटर बनत होता. तो १९६० मध्ये सुरू झाला. म्हणजे परांजप्यांना कॉम्प्युटरवरची परीक्षा बघायला मिळाली नाही. मिळाली असती तर ते काय म्हणाले असते, ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण एक गोष्ट माहीत आहे. ते कट्टर बुद्धिवादी होते. इंडियन रॅशनॅलिस्ट असोसिएशनचे पहिले अध्यक्ष. कुणी सांगितलं म्हणून किंवा पूर्वापार चालत आलं म्हणून विश्वास ठेवायचा, हे त्यांना कधीच पटलं नाही. पुरावा दाखवा, मग बोलू, असा त्यांचा खाक्या.

तोच खाक्या आपण आपल्या परीक्षांना लावून बघू. आपल्या मित्रमंडळींत दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, कॉम्प्युटर चुकत नाही, त्याला काका-मामा नसतो, म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवा. दुसरी म्हणते, सगळं सेटिंग असतं, आतल्या आत आकडे फिरवतात. मला वाटतं दोन्ही पार्ट्या एकच चूक करतात. दोघीही तपासून बघत नाहीत. पहिली पार्टी श्रद्धा ठेवते आणि दुसरी संशय, आणि दोन्हीला पुरावा लागत नाही.

घडलेल्या गोष्टी बघा. २००९ मध्ये आयआयएमची कॅट परीक्षा पहिल्यांदा कॉम्प्युटरवर झाली, तेव्हा कॉम्प्युटर व्हायरसमुळे कित्येक केंद्रांवर गोंधळ झाला. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायला घेतल्या, तयारी पुरी नसताना. निकाल महिनोन्महिने लांबले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तिथे मशीनपेक्षा माणसांच्या घाईचा वाटा मोठा होता. तलाठी भरतीच्या निकालात, जानेवारी २०२४ मध्ये, २०० पैकी २१४ गुण बघून लोक चक्रावले. ते नॉर्मलायझेशनचं गणित होतं. वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर कमी-जास्त कठीण असतात, म्हणून गुण एका पातळीवर आणतात आणि त्यात आकडा कमाल गुणांच्या वर जाऊ शकतो. चोरी नव्हती. पण आधी कुणी समजावून सांगितलंच नाही, तर माणूस चोरी समजणारच की!

आणि आता दुसरी बाजू. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या एमएचटी-सीईटीत गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले. मुलांनी आणि पालकांनी लगेच आवाज उठवला. सीईटी सेलने चूक मान्य केली आणि ५ मे रोजी सत्तावीस हजारांहून अधिक मुलांसाठी फेरपरीक्षा ठेवली. मुलांना त्रास झालाच, दुसऱ्यांदा बसायला कुणाला आवडतं? पण चूक दिसली, बोलता आली आणि सुधारली गेली. मला तर अशा परीक्षेवर जास्त विश्वास वाटतो. कधीच चूक कबूल न करणारी परीक्षा बिनचूक असते असं नाही, कधी कधी ती फक्त बंद असते.

पर्सेंटाइलचंही तसंच. एकदा बसून समजून घेतलं तर अवघड नाही. तुमच्या शिफ्टमध्ये शंभरातल्या किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, एवढंच तो सांगतो. गुण नाही, रांगेतली जागा सांगतो. सर्व शिफ्टमध्ये साधारण सारख्या तयारीची मुलं बसली असतील, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. हे गृहीतक किती खरं, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. पण प्रश्न विचारायला आधी हे कळायला हवं.

म्हणून मित्रहो, निकालाच्या दिवशी नुसतं स्टेटस टाकून शिव्या देण्यापेक्षा काही गोष्टी करू. आपला रिस्पॉन्स शीट डाउनलोड करून उत्तरसूचीशी ताडून बघू. चूक सापडली तर मुदतीत हरकत घेऊ. हरकतीची फी ज्याला परवडत नसेल त्याच्यासाठी वर्गणी काढू. विद्यापीठाच्या पेपरचीही प्रत मागू. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. आणि उद्या आपल्यातलेच काही जण या परीक्षांची सॉफ्टवेअर लिहिणार आहेत, तेव्हा गेटवर अंगठा न उमटलेल्या मुलासाठी दुसरी वाट कोडमध्ये आधीच ठेवू. साताऱ्याच्या त्या प्रमुखाने फक्त दाखला वाचला असता तरी पुरे होतं.

या दिवाळीत ढाणकीला गेलो तेव्हा आजोबांना कागद घेऊन पर्सेंटाइल समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं, दोन शंका विचारल्या. एकीचं उत्तर देता आलं, दुसरीचं नाही. शिफ्टमधली मुलं सारख्या तयारीची होती हे कुणी मोजलं, असं त्यांनी विचारलं होतं. मी शोधून सांगतो म्हटलं. अजून शोधतोय.